जकातदारांना योहानाने काय सांगितलं

प्रिय बंधू,

सलाम. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. बाकीच्या वाचकांसाठी त्यातलं थोडक्यात सांगतो. तुम्ही ३२ वर्षांचे, मूळचे नेवासा तालुक्यातले, आता पुण्यात एका खाजगी बँकेच्या गृहकर्ज विभागात कामाला आहात. कर्ज मंजूर करताना ग्राहकाच्या गळ्यात विम्याची पॉलिसी बांधायची, 'ही घेतल्याशिवाय फाइल पुढे जात नाही' असं सांगायचं आणि महिन्याचं टार्गेट गाठायचं, असं तिथं चालतं. पॉलिसी सक्तीची नाही हे तुम्हाला पक्कं माहीत असतं. रविवारी तुम्ही उपासनेत पेटी वाजवता. आई म्हणते, हे जगाचं काम आहे, सोड आणि देवाच्या सेवेत ये. मेहुणे म्हणतात, बायबल चर्चमध्ये आणि व्यवहार बाहेर, दोन्हींची सरमिसळ केलीस तर धड इकडचा राहणार नाहीस आणि तिकडचाही. आणि तुम्ही विचारता की जगाचा विचार आणि आत्मिक जीवन एकाच माणसात नांदतं तरी कसं.

मी ३४ वर्षं पाळक होतो. त्यातली निम्मी नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत गेली, उरलेली पिंपरी-चिंचवडच्या कामगार वस्तीत. हाच प्रश्न मला शेतकऱ्याने विचारलाय, कंपनीतल्या फिटरने विचारलाय, नर्सबाईंनी विचारलाय. त्यामुळे उत्तर जरा लांब होईल.

तुमच्या आई आणि मेहुणे वरवर एकमेकांच्या विरुद्ध बोलतात, पण दोघांची समजूत एकच आहे. दोघांनाही वाटतं की जग म्हणजे एक जागा आहे आणि ती चर्चच्या फाटकाबाहेर सुरू होते. आई म्हणते तिकडे जाऊ नकोस. मेहुणे म्हणतात जा, पण जाताना देवाला फाटकाशी ठेवून जा. सेवेची पहिली दहा वर्षं मीही हेच धरून उपदेश करत होतो. सिनेमा जग, राजकारण जग, शेअर बाजार जग. लोक मान डोलवायचे आणि घरी जाऊन जे करायचं तेच करायचे, कारण त्यांच्या खऱ्या अडचणीला मी हातच घालत नव्हतो.

घोळ शब्दापासूनच सुरू होतो. 'देवाने जगावर एवढी प्रीती केली' हे योहानाच्या शुभवर्तमानात आहे, आणि 'जगावर प्रीती करू नका' हे योहानाच्याच नावाने आलेल्या पहिल्या पत्रात आहे. मूळ ग्रीकमध्ये दोन्हीकडे शब्द एकच, कॉसमॉस. शुभवर्तमानातल्या त्या वचनात जग म्हणजे माणसं. पत्रात जग म्हणजे माणसांनी देवाला वगळून बसवलेली घडी. प्रेषित पौल रोमकरांस पत्राच्या १२ व्या अध्यायात 'ह्या युगाबरोबर समरूप होऊ नका' म्हणतो तेव्हा तर त्याचा शब्दच निराळा आहे. तिथं आयोन आहे, म्हणजे काळ, युग. आपल्या मराठी भाषांतरकारांनी तो फरक नीट राखला. युगाशी समरूप होणं म्हणजे चालू काळाच्या साच्यात ओतलं जाणं. साचा डोळ्यांना दिसत नाही, कारण आजूबाजूचे सगळे त्याच आकाराचे असतात.

आपल्या मराठी कानांचा आणखी एक घोटाळा होतो. आपल्या भाषेत प्रपंच आणि परमार्थ ही जोडी शेकडो वर्षांची. ख्रिस्ती झालो तरी ती जोडी आपल्या आजी-पणजीबरोबर घरात आलीच. त्यामुळे शास्त्रात 'जग' वाचलं की आपण मनात 'प्रपंच' ऐकतो: नोकरी, घर, मुलांच्या फिया, भाजीपाला. आणि मग प्रपंच करणारा ख्रिस्ती माणूस कायम अपराधी वाटून घेतो. पण प्रभू येशू स्वतः सुतार होता. लूक सांगतो, कार्याला आरंभ केला तेव्हा तो सुमारे तीस वर्षांचा होता. तोवरच्या वर्षांत त्याने रंधा मारला असेल, जू घडवलं असेल, मजुरीचा भाव ठरवला असेल. ती वर्षं काही जगात वाया गेलेली नव्हती. पौल करिंथात अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबू शिवत बसायचा. तेव्हा बँकेत काम करणं म्हणजे जगात पडणं, हे आधी मनातून काढून टाका.

मग जगाचा विचार म्हणजे काय? पहिल्या योहानाच्या दुसऱ्या अध्यायात त्याची तीन नावं दिली आहेत: देहाची वासना, डोळ्यांची वासना आणि संसाराविषयीची फुशारकी. पहिल्या दोन गोष्टींवर आपण भरपूर बोलतो, तिसरी घाईघाईत वाचून पुढे जातो. तिथं मूळ शब्द बिओस आहे. त्याचा अर्थ जीवन असा आहे, तसा उपजीविका, माणसाजवळची साधनसामग्री असाही आहे. म्हणजे माझ्याकडे काय आहे यावरून मी कोण हे ठरवणं आणि ते लोकांना दिसेल असं मिरवणं. माझ्या अनुभवात मंडळीला सगळ्यात जास्त पोखरते ती ही तिसरी, कारण ती अंगावर पाप म्हणून दिसत नाही. ती प्रतिष्ठा म्हणून दिसते.

लूकच्या १२ व्या अध्यायातला तो श्रीमंत शेतकरी बघा. त्याने कुणाला फसवल्याचं शास्त्र म्हणत नाही. मजुरी बुडवली नाही, बांध कोरला नाही. पीक चांगलं आलं, कोठारं लहान पडली, मोठी बांधायचं ठरवलं. आपल्या सोसायटीत त्याला हुशार म्हणतील. पण त्याचं बोलणं ऐका: माझं पीक, माझी कोठारं, माझा माल आणि शेवटी 'माझ्या जिवा'. जीवसुद्धा त्याने कोठारातल्या मालाच्याच यादीत लिहिला. विचार जगाचा होतो तो असा. माणूस वाईट काम करायला लागतो ते पुष्कळदा नंतर. आधी त्याचा हिशोब बदलतो.

आता जे सांगतो ते मी बरीच वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात मी असताना हंगामाचा सण होता. वेदीच्या दोन्ही बाजूंना उसाची मोळी बांधलेली, खाली बाजरीची कणसं, भोपळे, गवार, पाय बांधलेल्या दोन कोंबड्या. उपासना झाल्यावर नेहमीप्रमाणे अंगणात लिलाव सुरू झाला. मंडळीत दोन घरं जरा वर आलेली होती, एकाचं पोल्ट्रीचं काम, दुसरा ऊसतोडीचा मुकादम. एका भोपळ्यावरून दोघांची लागली. ५० रुपयांवरून ५००, ५०० वरून हजार, शेवटी ४,१०० ला भोपळा सुटला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. आमचे पत्रे गळत होते, मला त्या ४,१०० मध्ये छप्पर दिसत होतं.

त्याच गडबडीत पुढची वस्तू आली, स्टीलच्या वाटीत चार अंडी. वस्तीवरच्या एका विधवा आजीची. भोपळा कोण उचलणार याच्याकडेच सगळ्यांचं लक्ष. पुकारणाऱ्याने 'चला, वीस रुपये, वीस रुपये, झाले' म्हणून अंडी कुणाच्या तरी पिशवीत ओतली आणि रिकामी वाटी आजीच्या हातात दिली. आजी ती वाटी पदराने पुसत थोडा वेळ उभी राहिली. मग चालत वस्तीवर निघून गेली. तिच्या घरी कोंबड्या होत्या दोन. ती अंडी तिने किती दिवस राखली असतील याचा विचार मी रात्री करत बसलो. येशू भांडारासमोर बसून लोक पैसे कसे टाकतात ते पाहत होता आणि गरीब विधवेची दोन नाणी त्याला सगळ्यांच्या दानापेक्षा मोठी वाटली, त्या वचनावर मी किती वेळा उपदेश केला असेल! आणि माझ्या अंगणात विधवा येऊन गेली तेव्हा मी भोपळ्यासाठी टाळ्या वाजवत होतो.

त्या दिवशी कुणीही खोटं बोललं नाही. पैसा चर्चच्याच छपराला लागला. तरी माप जे वापरलं ते बाजाराचं होतं, आणि ते वापरणारा पाळक होता. तेव्हापासून जग चर्चच्या फाटकाबाहेर असतं हे म्हणणं मी सोडून दिलं. पुढच्या वर्षी आम्ही लिलाव बंद केला. ज्याने जे आणलं ते सगळं एकत्र करून वस्तीवरच्या घरांत वाटलं. उत्पन्न खूप कमी झालं, कमिटीतले काही जण माझ्यावर वर्षभर नाराज होते. पत्रे दोन पावसाळे आणखी गळले.

अशी ठिकाणं आपल्याकडे पुष्कळ आहेत. सोयरीक जमवताना ख्रिस्ती घरांत आजही हळूच विचारतात, 'मूळचे कोणते?' प्रभुभोजनाला एकाच प्याल्याला ओठ लावणारी माणसं मुलीचं स्थळ बघताना पूर्वजांची जात शोधतात. 'ख्रिस्तात तुम्ही सर्व एकच आहात' असं सांगणारं गलतीकरांस पत्राचं तिसरं प्रकरण पाठ असलेल्या माणसांना हे करताना मी पाहिलं आहे, आणि यासारखं जगाशी समरूप होणं दुसरं कुठलं नाही असं माझं ठाम मत आहे. सिनेमा पाहणाऱ्या पोराला आपण तरुण संघात उभं करून बोलतो. जात पाहणाऱ्या बापाला कमिटीत घेतो. तसंच 'एवढं दान पेरा, देव दसपट देईल' असं सांगणारे उपदेश. त्यात देवाचं नाव आहे, हिशोब मात्र त्या कोठारवाल्याचाच.

आईंच्या म्हणण्याकडे येतो. सेवेत ये, म्हणजे जगापासून सुटशील, असं त्यांना वाटतं. त्यांच्या मनातली तळमळ खरी आहे, ती हसण्यावारी नेऊ नका. पण सेवेत आलेल्या माणसांनाही पगार, बदली, मान, कमिटीची निवडणूक हे सगळं असतं. चर्चच्या जागांवरून आपलीच माणसं कोर्टात किती वर्षं उभी आहेत ते तुम्हालाही दिसतं. झगा घातला म्हणून मन नवं होत नाही.

आपल्याच मंडळींतली दोन मोठी माणसं या बाबतीत मला नेहमी आठवतात. रेव्हरंड ना. वा. टिळक १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाले, नगरला मिशनमध्ये वर्षानुवर्षं काम केलं. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, संन्याशाच्या वृत्तीने राहायचं ठरवलं आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. जेमतेम दोन वर्षांनी, मे १९१९ मध्ये ते गेले. पैशाची ओढ नसलेला असा माणूस विरळा. पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या आठवणी ज्यांनी वाचल्या आहेत त्यांना दुसरी बाजूही ठाऊक आहे. हातात आलेला पैसा टिळकांच्या हातात टिकत नसे, आणि घरात आलेल्यांची पानं मांडायची ती लक्ष्मीबाईंनी. टिळकांचा त्याग मी कमी लेखत नाही, त्यांची भजनं गातच मी वाढलो. मला एवढंच म्हणायचं आहे की त्यागाचा खर्च घरातलं दुसरं माणूसही देत असतं. तुम्ही नोकरी सोडायचा विचार केलात तर पहिला प्रश्न आईला किंवा मला विचारू नका, बायकोला विचारा. तुमच्या सबंध पत्रात तिचं नाव कुठेच नाही, हे मला खटकलं.

दुसऱ्या पंडिता रमाबाई. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला झाला. पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं की ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळायचा राहिला होता, आणि तो काही वर्षांनी भेटला. म्हणजे बाप्तिस्मा झालेल्या, विधवांसाठी शारदा सदनासारखं काम उभं केलेल्या बाईलाही मनाचं नवीकरण व्हायचं होतं. आणि झाल्यावर त्या कुठल्या गुहेत गेल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली आणि बायका आणल्या, पुणे जिल्ह्यातल्या केडगावला त्यांच्यासाठी 'मुक्ती' हे आश्रयस्थान उभं केलं. तिथं शेती होती, तेलाचा घाणा होता, विणकाम होतं, छापखाना होता. मुलींनी अक्षरं जुळवायला शिकून रमाबाईंनी केलेलं बायबलचं भाषांतर छापलं. आता मला सांगा, तेलाच्या घाण्याचा जमाखर्च हा प्रपंच की परमार्थ? केडगावात ती भिंतच नव्हती. तेल किती निघालं ते मोजलंच जायचं. फक्त ते कुणासाठी निघालं याबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती.

आता तुमची फाइल. लूकच्या तिसऱ्या अध्यायात बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार येतात आणि विचारतात, गुरुजी, आम्ही काय करावं? लक्षात घ्या, जकातदाराचं काम म्हणजे रोमी सत्तेसाठी आपल्याच लोकांकडून वसुली. योहान स्वतः अरण्यात राहणारा, टोळ आणि रानमध खाणारा. 'सोडा ते घाणेरडं काम आणि या माझ्याबरोबर' असं तो म्हणाला असता तर कुणालाही नवल वाटलं नसतं. तो तसं म्हणाला नाही. ठरवून दिलं आहे त्यापेक्षा जास्त घेऊ नका, एवढंच म्हणाला. मग शिपाई आले. त्यांनाही भाला टाका म्हणाला नाही. दंडेली करू नका, खोटा आळ घेऊन लुबाडू नका, आपल्या पगारात समाधान माना, म्हणाला. पश्चात्तापाचं फळ त्याने प्रत्येकाच्या कामातल्या नेमक्या त्या जागी मागितलं, जिथं त्याचा हात घसरत होता.

तुमच्या कामात ती जागा एका वाक्याची आहे: 'ही पॉलिसी घेतलीच पाहिजे.' कर्ज देणं पाप नाही. विमा विकणंही पाप नाही, कर्ता माणूस अचानक गेला तर तोच विमा घर वाचवतो, अशी दोन घरं मला माहीत आहेत. खोटं आहे ते 'पाहिजेच' या शब्दात. तिथं म्हणा, 'ही ऐच्छिक आहे. हप्ता एवढा वाढेल, फायदा हा आहे, नको असेल तर नाही म्हणा, फाइल अडणार नाही.' फाइल खरंच अडवली जात असेल तर ती तुमच्या टेबलावर अडू देऊ नका, आणि वरून अडली तर तसं लेखी कळवा.

याची किंमत पडेल. इन्सेंटिव्ह जाईल, रिव्ह्यूमध्ये सगळ्यांसमोर नाव घेतलं जाईल, दूरच्या शाखेत पाठवतील, कदाचित नोकरीही जाईल. सगळं आपोआप नीट होईल असं मी सांगणार नाही. पिंपरीत माझ्या मंडळीतल्या एका स्टोअरकीपरने खोट्या बिलावर सही नाकारली, त्याला ११ महिने घरी बसावं लागलं. त्या काळात मंडळीतल्या चार घरांनी आळीपाळीने त्याच्याकडे किराणा पोचवला, कुणालाही न सांगता. पुढे मिळालेली नोकरी पहिल्यापेक्षा कमी पगाराची होती आणि तो आजही तीच करतो. प्रभूने बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा हिशोब करायला सांगितलं आहे. तुम्हीही बसा, बायकोबरोबर, कागद घेऊन. घराचा हप्ता किती, गाडीचा किती, सहा महिने पगार नसला तर काय. जगाच्या विचाराची पकड बहुतेक वेळा मोहापेक्षा हप्त्यातून बसते. खर्च पगाराच्या काठोकाठ असेल तर 'नाही' हा शब्द तोंडातून निघतच नाही. म्हणून आधी एखादं कर्ज संपवा, गाडी विकावी लागली तर विका. हेही आत्मिक जीवनाचंच काम आहे, प्रार्थनेच्या बरोबरीचं.

रोजच्या साधनेबद्दल तुम्ही विचारलं आहे, त्यावर फार लिहीत नाही. पहाटे फोन हातात घेण्याआधी एक स्तोत्र मोठ्याने वाचा. रात्री झोपताना देवासमोर एकच गोष्ट आठवा: आज मी माणसाकडे टार्गेट म्हणून कधी पाहिलं? चेहरा आठवला तर त्याच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना करा. आणि मंडळीतली दोन माणसं अशी धरा ज्यांना पगार, हप्ता, चूक, सगळं उघड सांगता येईल. एकट्याने ही लढाई लढणारा माणूस वर्षभरात थकतो किंवा ढोंग करायला लागतो, दोन्ही मी पाहिलं आहे.

झगडा मात्र संपणार नाही. गलतीकरांस पाचव्या अध्यायात पौल देहस्वभाव आणि आत्मा परस्परविरुद्ध आहेत म्हणतो, ते विश्वासणाऱ्यांनाच लिहितो. ज्याच्या आत आत्मा नाही त्याच्या आत झगडाही नाही, तुमच्या मेहुण्यांना रात्री झोप लागते ती त्यामुळे असेल. तुम्हाला लागत नाही, याचं मला वाईट वाटत नाही.

या रविवारी पेटीवर बसाल तेव्हा हे सगळं बरोबर घेऊन बसा, बाहेर ठेवून नको. आणि गावी गेलात की आईला लूकचा तिसरा अध्याय वाचून दाखवा, १० ते १४ वचनं. हळू वाचा, त्यांना बोलू द्या. सोमवारी पहिला ग्राहक समोर बसल्यावर काय झालं ते मला कळवा. जमलं नाही तरी कळवा.

तुमचा,
प्रभूमध्ये एक बंधू